एक्केचाळीस बरण्या खुरासणी : स्थानिक वाणांची विविधता मोजताना

पार्श्वभूमी

भाद्रपद संपत आला की त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा आणि घाटाखालच्या मोखाडा-जव्हारचे डोंगरउतार पिवळे होतात. ही खुरासणी. देशावर तिला कारळं म्हणतात आणि तिथं ती आता बहुतेक घरांत चटणीपुरतीच उरली आहे. या पट्ट्यात मात्र कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबांच्या शेतात ती अजून उभी राहते. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, जमीन थकली की खुरासणी किंवा उडीद, आणि मग काही वर्षं जमीन मोकळी सोडायची, असा फेर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. खुरासणीला कुणी खत घालत नाही, निंदणीही क्वचितच. आषाढ-श्रावणात बी फोकून द्यायचं आणि दिवाळीच्या सुमारास कापायची. गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून राखणीचा त्रास कमी. घाण्यावर तेल निघतं, पेंड बैलांना जाते, बाकीची चटणी.

हे प्रकरण अशाच तेरा पाड्यांमधलं आहे. पाड्यांची आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. आमची संस्था लहान, काम मुख्यतः बियाणे जतनाचं. सोबत एका कृषी महाविद्यालयाचे दोन प्राध्यापक आणि चार विद्यार्थी होते.

कामाला निमित्त झालं लोकजैवविविधता नोंदवहीचं. २००२च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावातल्या पिकांची, वनस्पतींची नोंदवही करणं हे तिचं काम. आमच्या भागातल्या एका नोंदवहीत भाताचे अकरा वाण वर्णनासकट लिहिले होते. खुरासणीपुढे एकच ओळ होती : ‘खुरासणी – स्थानिक’. ग्रामसभेत ती वाचली गेली तेव्हा मागं बसलेली एक आजी म्हणाली, “एक कशी? आमची हळवी आहे, खालच्या पाड्याची गरवी आहे. भुरकी वेगळीच.” हळवी म्हणजे लवकर येणारी, गरवी म्हणजे उशिरा येणारी. तिथून सुरुवात झाली.

त्याच सभेत एका टोकाच्या पाड्यावरच्या वयस्क शेतकऱ्यानं, त्यांना आम्ही बाबा म्हणतो, एक तक्रार मांडली होती. त्यांची खुरासणी फुलते चांगली, पण दाणा फोल निघतो. “बी म्हातारं झालं,” असं त्यांचं म्हणणं. आम्ही ते टिपून घेतलं आणि विसरलो. पुढं सगळ्या कामाचा अर्थ त्याच तक्रारीतून उलगडला.

अडचण

स्थानिक वाणांची विविधता मोजायची म्हणजे काय, हेच आधी ठरवावं लागतं. भातात हे सोपं जातं. भात स्वतःच्याच परागानं फळतो, त्यामुळे एका वाणाची झाडं बऱ्याच अंशी एकमेकांसारखी असतात. चार ओंब्या पाहिल्या की वाण समजतो. जवस आणि तीळ यांचंही थोड्याफार फरकानं असंच.

खुरासणीचं तसं नाही. ती स्वतःचा पराग स्वीकारतच नाही. फूल कापडी पिशवीत बांधून ठेवलं तर दाणा जवळजवळ धरत नाही. परागावर असलेली ओळख आणि कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या पराग झेलणाऱ्या भागावर, असलेली ओळख जुळली तर रुजणं थांबतं, हा तिच्या जनुकांतलाच बंदोबस्त आहे. त्यामुळे दोन सख्ख्या भावंडझाडांमध्येही संकर कित्येकदा फसतो. पराग नेण्याचं काम मधमाश्यांचं : सातेरी, फुलोरी, आग्या. या तिघी शेताच्या बांधाला किंवा वाणाच्या नावाला जुमानत नाहीत.

म्हणजे खुरासणीतला प्रत्येक दाणा हा दोन वेगळ्या झाडांचा वारस असतो. एका शेतातली कुठलीही दोन झाडं एकसारखी नसतात. अशा पिकात वाण ही वस्तू बरणीत बंद करता येत नाही; तो असतो एक जथा, आणि तो दरवर्षी आतून ढवळला जातो. मग हळवी, गरवी, भुरकी ही नावं कशाची आहेत? खरोखर वेगळ्या जथ्यांची, की एकाच मोठ्या जथ्याला ठिकठिकाणी मिळालेली?

या प्रश्नाला व्यावहारिक धारही होती. घाणे एकेक करून बंद पडत होते, किराणा दुकानातलं तेल स्वस्त पडत होतं, आणि पाऊस सरला की माणसं द्राक्षबागांत मजुरीला जात होती. पाच वर्षांपूर्वी खुरासणी पेरणाऱ्या घरांपैकी निम्म्यांनी ती सोडली होती. काय जपायचं हे लवकर ठरवणं भाग होतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सर्वांत सोपा : लोक सांगतील ती नावं हेच वाण मानायचे, प्रत्येकाचा एक नमुना घ्यायचा, उंची, फांद्या, फुलाचा व्यास, दाण्याचा रंग लिहायचा आणि नोंदवही पूर्ण करायची. दोन महिन्यांचं काम.

दुसरा पर्याय : मोजमापाच्या भानगडीत न पडता बी गोळा करून राष्ट्रीय जनुकपेढीकडे पाठवायचं. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचं एक प्रादेशिक केंद्र अकोल्यात आहे. दिल्लीच्या पेढीत उणे अठरा अंशांवर बी दीर्घकाळ टिकतं. परपरागित, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागावर फळणाऱ्या पिकासाठी ते एका नमुन्याचे साधारण चार हजार दाणे मागतात. खुरासणीचे हजार दाणे तीन ते पाच ग्रॅम भरतात, म्हणजे वीस ग्रॅम बी पुरे. खर्च नाममात्र.

तिसरा पर्याय महागडा आणि लांबणीचा : घरागणिक नमुने घ्यायचे, ते एकाच जागी पेरून शारीरिक गुण मोजायचे, आणि निवडक नमुन्यांची डीएनए तपासणी करायची.

एका प्राध्यापकांचा कल दुसऱ्या पर्यायाकडे होता. त्यांचं म्हणणं रास्त होतं : पीक सुटत चाललंय, आधी बी वाचवा, अभ्यास नंतर. आम्ही दुसरा आणि तिसरा एकत्र करायचं ठरवलं, आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पहिल्या पर्यायाचा मोह मात्र आम्हाला पूर्ण टाळता आला नाही. गोळा करण्याची पहिली फेरी आम्ही नावांवरच केली.

नमुना म्हणजे काय : पहिला फसलेला प्रयत्न

त्या फेरीत सात नावं आणि एकोणीस बरण्या जमल्या. टेबलावर त्या नावांप्रमाणे मांडल्यावर घोळ दिसला. एका पाड्याची ‘भुरकी’ शेजारच्या पाड्याच्या ‘गरवी’हून वेगळी ओळखता येईना. ‘काळी’ हे नाव तीन घरांनी तीन अर्थांनी वापरलं होतं. ‘सरकारी’ या नावाखाली मिनीकिटमधून, म्हणजे सरकारनं वाटलेल्या बियाण्याच्या छोट्या पाकिटांतून आलेलं सुधारित बी होतं, आणि ते आणून दहा-बारा वर्षं झाली होती. या काळात मधमाश्यांनी ते कुठं कुठं पोचवलं असेल, याचा अंदाजच करावा.

दोन बरण्या तर बाजारातून घेतल्या होत्या. त्या कुठल्या डोंगरावरच्या, कुणाच्या, काहीच सांगता येईना. त्या बाजूला ठेवल्या.

नाव हा नमुन्याचा आधार होऊ शकत नाही, हे कळल्यावर आम्ही उलट दिशेनं विचार केला. खुरासणीत टिकून राहतं काय? घर. एकच घर त्याच उतारावर, त्याच मुरमावर, वर्षानुवर्षं आपलंच बी पेरत असेल तर तो जथा थोडाफार वेगळा राहण्याची शक्यता आहे. म्हणून दुसऱ्या फेरीत नमुना म्हणजे ‘एका घरानं किमान दहा वर्षं स्वतः राखलेलं बी’ अशी व्याख्या केली. प्रत्येक बरणीसोबत पाच गोष्टी लिहिल्या : जमीन उताराच्या माथ्याची की पायथ्याची, मातीची खोली, बी मुळात कुणाकडून आलं, बी कसं काढतात (झोडलेल्या राशीतून ओंजळभर की निवडून), आणि जवळचं दुसरं खुरासणीचं शेत किती लांब.

शेवटचे दोन प्रश्न एका विद्यार्थिनीनं आग्रहानं घालायला लावले. मला तेव्हा ते जादा वाटले होते. सगळ्या कागदांत तेच दोन रकाने आम्ही पुढं सर्वांत जास्त वेळा उघडले.

असे एक्केचाळीस नमुने झाले. प्रत्येकाचं साधारण पाव किलो बी. त्यातलं वीस-वीस ग्रॅम पेढीसाठी वेगळं काढलं.

प्रयोगाची जागा आणि मांडणी

महाविद्यालयाचं शेत सपाटीवर, खोल काळ्या जमिनीचं, पाण्याची सोय असलेलं होतं. मोजायला सोयीचं. पण ज्या आजीनं हळवीचं नाव काढलं होतं तिला विचारलं तर ती म्हणाली, “तिथं नेलं तर तिला तिचंच ध्यान राहायचं नाही.” हे शब्द बाजूला ठेवले तरी मुद्दा शास्त्रातलाच आहे. खोल जमिनीत सगळीच खुरासणी उंच होते, फांद्या फुटतात आणि मुरमावर दिसणारा फरक झाकला जातो. आम्ही एका पाड्यावर मधल्या उताराचं वरकस शेत हंगामासाठी घेतलं.

एक्केचाळीस नमुने तीन-तीनदा पेरायला जागाही नव्हती, बीही नव्हतं. म्हणून संख्याशास्त्रज्ञ फेडरर यांनी १९५६ साली सुचवलेली मांडणी वापरली. शेताचे पाच पट्टे केले, नमुने त्यांत एकेकदाच विभागले आणि दर पट्ट्यात दोन ठरलेले वाण तुलनेसाठी पुन्हा पुन्हा पेरले. एक इगतपुरीच्या संशोधन केंद्राचा आयजीपी-७६, दुसरा तालुक्यात वाटला गेलेला सुधारित वाण. पट्ट्यापट्ट्यांतला मातीचा फरक या दोन वाणांवरून कळतो आणि बाकीच्यांच्या आकड्यांतून वजा करता येतो.

पेरणी ओळीत केली, तीस सेंटीमीटरवर, आणि विरळणी करून झाडं दहा सेंटीमीटरवर ठेवली. इथं एक तडजोड होती. लोक फोकून पेरतात, दाट उगवतं, झाड सडपातळ राहतं. ओळीत झाडाला मोकळीक मिळते आणि बोंडं वाढतात. म्हणून झाडागणिक बोंडांचा आमचा आकडा हा शेतकऱ्याच्या शेतातला आकडा नाही. नमुन्यानमुन्यांच्या तुलनेपुरता तो चालतो.

उगवणीनंतर महिन्याभरात एका ओळीवर पिवळसर दोरे दिसले : अमरवेल, दुसऱ्या झाडांवर जगणारी परोपजीवी वेल. तिचं बी खुरासणीच्या बियाण्यातून प्रवास करतं. अमेरिकेत पक्ष्यांच्या खाद्यासाठी जाणाऱ्या खुरासणीवर याच कारणासाठी उष्णतेची प्रक्रिया सक्तीची आहे. आम्ही ती ओळ फुलण्याआधी उपटून जाळली. तो नमुना त्या वर्षापुरता गेला. चाळणीनं बी आधी चाळून घेतलं असतं तर वाचला असता, कारण अमरवेलीचं बी खूप बारीक असतं. पुढच्या वर्षीपासून चाळणी मारल्याशिवाय एकही बरणी शेतात गेली नाही.

शारीरिक गुणांनी काय सांगितलं

बारा गुण मोजले. उंची, फांद्या, बोंडाचा व्यास, खोडाची जांभळट छटा यांत फरक होते, पण ते नमुन्यानमुन्यांत जितके तितकेच एका नमुन्याच्या झाडाझाडांत. ‘भुरकी’चा भुरकटपणा शेतात टिकला नाही. तिच्या झाडांवर काळे चकचकीत दाणेच आले. नंतर चौकशी करता कळलं की त्या घरांत मजुरीला जाण्याआधी खुरासणी घाईनं, कच्ची कापतात. रंग वाणाचा नव्हता, कापणीचा होता.

एकच गुण ठामपणे उभा राहिला : फुलोऱ्याचा दिवस. माथ्यावरच्या दोन पाड्यांमधले सहा नमुने बाकीच्यांपेक्षा साधारण दोन आठवडे आधी फुलले, आणि सहाच्या सहा घरांनी आपल्या बियाला हळवी म्हटलं होतं. कारण जमिनीत आहे. माथ्यावर वीतभर मुरूम, पाऊस थांबला की आठ-दहा दिवसांत ओल संपते. उशिरा फुलणारं झाड तिथं दाणा भरण्याआधीच वाळतं, त्याचं बी पुढच्या वर्षी येतच नाही. मधमाशी खालच्या गरवीचा पराग आणून टाकते, आणि माथ्याचा मुरूम दरवर्षी त्या गरवीची उशिरा फुलणारी पिल्लं गाळून टाकतो. सात नावांपैकी बाकीच्या सहांमागं असा ठाम फरक दिसला नाही, पण ‘हळवी’ या नावामागं खरा वाण होता.

आजीचं म्हणणं नोंदवहीत शब्दशः लिहिलं. त्यासाठी आम्हाला एक हंगाम लागला होता.

आमची चूक

आता या प्रकरणातली सर्वांत वाईट गोष्ट.

कापणी झाली. प्रत्येक नमुन्याचं बी वेगळं झोडलं, वेगळ्या पिशवीत भरलं, चिठ्ठी लावली आणि मोठ्या आनंदानं चाळीस घरांना परत दिलं : “हे तुमचंच बी, आम्ही वाढवून आणलंय.” छोटा कार्यक्रम झाला, हळदीकुंकू लावून पिशव्या दिल्या.

आठवड्याभरानं त्याच विद्यार्थिनीनं विचारलं, “सर, एका शेतात चाळीस नमुने शेजारी-शेजारी फुलले. मग हे बी त्यांचंच कसं?”

उत्तर नव्हतं. प्रत्येक दाण्याची आई ओळखीची होती आणि बाप त्या शेतातलं कुठलंही झाड, त्यात दोन सुधारित वाणही आले. ज्या गोष्टीवर आम्ही सुरुवातीला चार पानं लिहिली होती, तीच बी वाटताना विसरलो. प्रयोगाचं शेत मोजण्यासाठी असतं, बी वाढवण्यासाठी नसतं. भातात दोन्ही एकाच शेतात जमतं, आणि आमची सवय भाताची होती.

याच कारणानं तेलाचे आकडेही डळमळले. खुरासणीत तेल साधारण तीस ते चाळीस टक्के असतं आणि ते दाण्यातल्या गर्भात साठतं. गर्भ अर्धा बापाचा. म्हणजे आमच्या शेतातल्या दाण्याचं तेल मोजून तो आकडा एका घराच्या नावावर टाकणं निम्मं खोटं ठरलं असतं. बरणीतल्या मूळ बियाचं तेल मोजावं तर ते वेगवेगळ्या जमिनींवर, वेगवेगळ्या दिवशी कापलेलं. तेलाचा रकाना आम्ही रिकामा सोडला. विद्यार्थ्यांना ते फार लागलं, कारण सॉक्सलेटवर, म्हणजे दाण्यातलं तेल काढून मोजण्याच्या उपकरणावर, त्यांनी रात्री काढल्या होत्या.

पिशव्या परत मागायच्या की नाही, यावर दोन दिवस वाद झाला. मागितल्या तर संस्थेवरचा विश्वास जाईल, असं काहींना वाटलं. शेवटी घरोघर जाऊन खरं काय ते सांगितलं. तेवीस पिशव्या परत आल्या. बाकीच्या घरांनी बी स्वतःच्या डब्यात मिसळलं होतं किंवा चटणी करून खाल्लं होतं. माथ्यावरच्या सहांपैकी पाच पिशव्या हाती आल्या, हे नशीब. तिथं मिसळलेलं बी पेरलं असतं तर बरीच झाडं ओल संपल्यावर फुलली असती.

बाबांचं शेत

वही चाळताना एक नोंद नजरेत आली. बाबांचा नमुना आमच्या शेतात अगदी साधारण होता. बोंडं भरलेली, दाणे टपोरे. फोल दाण्याचं नाव नाही.

त्यांच्या शेतात फोल आणि आमच्या शेतात टपोरे, मग बी म्हातारं कसं? जादा वाटलेले दोन रकाने उघडले. ‘बी कसं काढतात’ यापुढे लिहिलं होतं : मधे दोन वर्षं मजुरीला गेल्यानं शेत पडीक, परसात आपोआप उगवलेल्या पाच-सहा झाडांचं बी धरून पुन्हा सुरुवात. ‘जवळचं शेत’ यापुढे : या पाड्यात आता दुसरं कुणी पेरत नाही.

एवढ्यानं अंदाज बांधता आला. पाच-सहा झाडांपासून वाढलेल्या जथ्यात परागाच्या ओळखी मोजक्याच उरतात. झाडं भरपूर, फुलं भरपूर, मधमाश्याही येतात, पण आणलेला पराग बहुतेक वेळा नात्यातलाच निघतो आणि फूल तो नाकारतं. पूर्वी शेजारची चार शेतं होती तेव्हा हे जाणवलं नसतं. आमच्या शेतात त्यांच्या झाडांना एकोणचाळीस घरांचा पराग मिळाला. ज्या मिसळीनं आमच्या पिशव्या बिघडवल्या, तिनंच बाबांच्या बोंडांत दाणा भरला.

अंदाज पडताळणं गरजेचं होतं, कारण मधमाश्या कमी असल्या तरी दाणा फोल निघू शकतो. दुसऱ्या हंगामात बाबांच्याच शेतात काही झाडांची बोंडं मलमलच्या पिशव्यांत बांधली. काहींवर त्याच शेतातला पराग हातानं लावला, काहींवर दुसऱ्या पाड्याचा. नखानं दाबून दाणे मोजले. घरच्या परागावर फोल जास्त, बाहेरच्या परागावर बोंडं भरलेली. बाबा शेजारी बसून दाणे दाबत होते. म्हणाले, “म्हणजे सोयरीक बाहेर करायला हवी होती.” याहून चांगलं वर्णन आम्हाला जमलं नसतं.

डीएनए तपासणीतला निर्णय

पैसे साधारण एकशे साठ तपासण्यांचे होते. दोन वाटा होत्या. प्रत्येक नमुन्याच्या अनेक झाडांची पानं एकत्र वाटून सगळ्या नमुन्यांची तपासणी करायची, किंवा मोजकेच नमुने घेऊन त्यांची झाडं सुटी सुटी तपासायची.

एकत्र वाटण्यात सगळी घरं येतात आणि अहवालात वंशवृक्षासारखं सुबक चित्र मिळतं. पण डीएनएतल्या दुर्मीळ खुणा त्या मिश्रणात बुडतात, आणि नमुन्याच्या आत किती विविधता आहे हा आमचा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहतो. सुट्या झाडांच्या वाटेनं गेलो तर किती झाडं घ्यायची? मार्शल आणि ब्राउन यांनी १९७५ साली मांडलेला हिशेब इथं कामी येतो. जथ्यात पाच टक्के असलेली एखादी खूण दहा झाडांत निसटण्याची शक्यता छत्तीस टक्के. वीस झाडांत ती तेरा टक्क्यांवर येते, तीस झाडांत पाचाच्या खाली. तीस-तीस झाडांचे पाच नमुने, की वीस-वीस झाडांचे आठ? आम्ही आठ घेतले, तेरा टक्क्यांचा धोका पत्करून. माथ्याचे दोन, पायथ्याचे तीन, सरकारी बी मिसळल्याचा संशय असलेले दोन, आणि बाबांचा एक.

खुणांचा प्रकारही ठरवायचा होता. आयएसएसआर आणि एसएसआर या डीएनएतल्या खुणा पाहण्याच्या दोन पद्धती. आयएसएसआर स्वस्त पडतं, पण त्यात पट्टी दिसते किंवा दिसत नाही, एवढंच कळतं. झाडात त्या खुणेच्या दोन प्रती आहेत की एक, हे कळत नाही. परपरागित पिकात नेमकं तेच कळायला हवं. म्हणून एसएसआर निवडलं आणि खुणा थोड्या घेतल्या.

निकाल अपेक्षेच्या दिशेनं आला. बहुतांश फरक एकाच घराच्या झाडांमध्ये, घराघरांत थोडा. माथ्याचे दोन नमुनेही या खुणांवर खालच्यांपासून फारसे सुटे दिसले नाहीत. फुलोऱ्यात दोन आठवड्यांचं अंतर असूनही. यात विसंगती नाही. आमच्या खुणा जनुकसंचातल्या मोजक्या ठिकाणच्या, त्यांच्यावर मुरमाची चाळणी चालत नाही. मधमाशी त्या मिसळत राहते. फुलोरा ठरवणाऱ्या जनुकांवर मात्र मुरमाची चाळणी दरवर्षी चालते. नुसती डीएनए तपासणी केली असती तर ‘हळवी’ हा वेगळा वाण नाही, असा निष्कर्ष आम्ही छापला असता आणि तो चुकला असता.

आठांत उठून दिसला तो बाबांचा नमुना. आतली विविधता सर्वांत कमी.

निष्पत्ती

नोंदवहीत आता खुरासणीला दोन पानं आहेत. नावं सातही लिहिली आहेत, कारण ती लोकांची आहेत. त्यापुढे कुठलं नाव फुलोऱ्याचं, कुठलं कापणीचं, कुठलं बियाण्याच्या वाटपाचं, हे स्पष्ट केलं आहे. मूळ बरण्यांतलं एक्केचाळीस घरांचं बी जनुकपेढीकडे गेलं, प्रत्येकाची जमीन आणि राखण्याची रीत यांच्या नोंदीसकट.

बी वाढवण्याचं काम आम्ही आमच्या हातून काढून घेतलं. हळवी माथ्यावरच्या दोन पाड्यांतच वाढते, त्याच घरांच्या शेतात, मूळ बरणीतल्या बियावर. कापणीआधी उशिरा फुललेली झाडं त्या घरच्या बायका उपटून टाकतात. ती रीत त्यांचीच आहे, आम्ही फक्त ती लिहून ठेवली. पायथ्याच्या गरवीसाठी वेगळी घरं जपण्याचा हट्ट सोडला. तिथं दर तीन वर्षांनी पाड्यापाड्यांत बियाची अदलाबदल करायची ठरलं. पूर्वी सासर-माहेरच्या ये-जा करण्यात हे आपोआप व्हायचं.

बाबांच्या बियाबद्दल शेवटपर्यंत दोन मतं राहिली. मिसळू नये, तो एक जुना जथा आहे, असं एका प्राध्यापकांचं मत. बाबांना चटणी आणि तेल हवं होतं. अर्धं बी बरणीत तसंच ठेवलं, अर्ध्यात गरवीच्या तीन घरांचं बी मिसळून पेरलं.

पुन्हा करायचं झालं तर

नावांवरची पहिली फेरी टाळणार नाही, पण तिला बियाची फेरी करणार नाही. नुसत्या गप्पांची करीन. नावामागचा अर्थ, कापणीची वेळ, बी कुठून आलं, हे आधी कळलं असतं तर एकोणीस बरण्यांचा खटाटोप वाचला असता.

पेरणीआधीच कागदावर लिहीन : या शेतातला एकही दाणा बियाणे म्हणून बाहेर जाणार नाही. कापणी झाल्यावर हे सुचणं फार उशिराचं ठरतं.

तेलासाठी वेगळी सोय करीन. निवडक आठ-दहा नमुन्यांची झाडं मच्छरदाणीखाली, आतल्या आत हातानं परागीभवन करून वाढवली तर दाण्याचे दोन्ही बाप-आई एकाच घरचे राहतात. कष्टाचं आहे, पण तेलाबद्दल बोलायचं तर त्याशिवाय गत्यंतर नाही. बायकांनी प्रत्येक नमुन्याची चटणी करून चव सांगायची, हेही त्यात घालीन. आम्ही बारा गुण मोजले त्यात चव नव्हती, आणि खुरासणी ज्या घरांत टिकली आहे तिथं ती बहुतेक चवीमुळेच टिकली आहे.

आणि तक्रारी आधी वाचीन. बाबांनी पहिल्याच सभेत सांगितलं होतं.

गेल्या हंगामात त्यांच्या शेतात मिसळलेल्या बियाची तिसरी पेर झाली. फोल आहे, पण पूर्वीइतका नाही. त्याच पाड्यात आणखी एका घरानं वरईनंतर खुरासणी फोकली, दोन शेतांच्या मधे एक ओहोळ आहे. न मिसळलेल्या बियाची बरणी बाबांच्या घरी फळीवर आहे. उगवण टिकवायची तर येत्या एक-दोन वर्षांत ती पेरावी लागेल, आणि कुठं पेरायची हे अजून ठरलेलं नाही.